तोंडात पाणी धरून

आमच्या ऑफिसात पाण्याच्या फिल्टरशेजारी एक स्टीलचा पेला उपडा घातलेला असायचा. तहान लागली म्हणून त्यातून कुणी पाणी पीत नसे. तो परीक्षेचा पेला होता. ज्याने नवा मॅक्रो, म्हणजे प्रोग्रामचा एक छोटा तुकडा, लिहून आणला असेल त्याने त्या पेल्यातलं पाणी तोंडात घ्यायचं, गाल फुगवून बसायचं, आणि ज्याने तो मॅक्रो आधी कधी पाहिलेला नाही असा दुसरा कुणीतरी तो वाचून, वापरून बघेपर्यंत ते गिळायचं नाही की थुंकायचं नाही. वापरणारा अडला, चुकला, भलत्याच वाटेला लागला तरी लिहिणाऱ्याने नुसतं बघत राहायचं. सगळं पार पडलं की काका म्हणायचे, "गीळ." मग बोलायची परवानगी. न राहवून कुणी मधेच घोट गिळला आणि 'अरे तसं नाही, त्याच्या आधी' असं सुरू केलं, की मॅक्रो नापास.

एकदा मुलाखतीला आलेल्या एका बाईंनी हा प्रकार पाहिला. समोर गाल फुगवून, डोळे मोठे करून बसलेल्या गृहस्थांना त्यांनी काळजीने विचारलं, "दाढ दुखतेय का?" गृहस्थांना बोलता येईना, त्यांनी घाईने मान हलवली. बाईंनी पर्समधून लवंग काढून त्यांच्यापुढे ठेवली. ते गृहस्थ म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. बाईंना नोकरी मिळाली आणि हसू न आवरून घोट गिळल्यामुळे मालकांचा मॅक्रो नापास झाला.

काका तसे कुणाचेच काका नव्हते. वयाने आम्हा सगळ्यांपेक्षा पंचवीस-तीस वर्षांनी मोठे, म्हणून काका. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची हयात गेली. टूलरूम बंद झाली तेव्हा ते घरी बसले असते, पण आमचे मालक कधीकाळी त्यांच्या हाताखाली अप्रेंटिस होते. आम्ही कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो, तर कारखाना कसा चालतो हे पोरांना कुणीतरी सांगावं, एवढ्यापुरतं मालकांनी काकांना निगडीला आणलं. प्राधिकरणातल्या एका बंगल्याचा वरचा मजला, तेच आमचं ऑफिस. काका पहिले काही महिने खिडकीजवळ बसून नुसतं वाचत होते. मग एक दिवस उठून त्यांनी आमच्या चुका काढायला सुरुवात केली, आणि त्या खरोखरच चुका होत्या.

आमची भाषा फंक्शनल जातीची. सगळा मजकूर कंसांत. कंसात कंस, त्यात पुन्हा कंस. तिची एक खासियत अशी की तिच्यात आपण भाषेलाच नवे शब्द जोडू शकतो. प्रोग्राम लिहून देणारा छोटा प्रोग्राम, तो मॅक्रो. आम्हा पोरांना त्याचं भलतं वेड. कुणी तीन ओळींचं एका ओळीत करून दाखवी, कुणी ती एक ओळही अशी करी की दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःला वाचता येऊ नये. काकांना या शक्तीचं कौतुक होतं, पण ते निराळ्या कारणाने. ते म्हणायचे, "बाकी भाषांत दुकानातून आणलेली हत्यारं वापरायची. इथे हत्यार बनवायची मुभा आहे. म्हणून हात जरा जपून चालवायचा, राव."

त्यांच्या खणात एक जुनी ड्रिल जिग असायची. जाड पोलादी पाट, त्यात भोकं पाडायला वाट दाखवणाऱ्या बुशा, आणि एका कोपऱ्यात मुद्दाम थोडी सरकवून बसवलेली पिन. नवीन माणूस रुजू झाला की काका ती जिग आणि सोबत एक लोखंडी तुकडा त्याच्यासमोर ठेवायचे. "बसव." माणूस उलटा बसवून बघे, आडवा बसवून बघे, शेवटी एकाच बाजूने तो तुकडा आत जाऊन गप्प बसे. "मी काही सांगितलं तुला?" "नाही." "मॅक्रो असा पाहिजे." एवढं बोलून जिग परत खणात. जिगवर त्यांनी स्वतःच्या हाताने एक नंबर पंच केलेला होता, आणि तो जरा तिरपा पडलाय याची त्यांना इतक्या वर्षांनंतरही खंत होती.

मॅक्रो लिहायची परवानगी मागायला गेलेल्या माणसाला ते दोनच प्रश्न विचारत. पहिला, "साध्या फंक्शनने भागतंय का?" बहुतेक वेळा भागत असे, आणि माणूस तिथूनच परत फिरे. दुसरा, "हाताने तीनदा केलंस का?" तोंडी उत्तर चालत नसे. तीन ठिकाणी तेच काम हाताने लिहिलेलं उघडून दाखवावं लागे. मी एकदा वैतागून म्हणालो की मॅक्रो असतोच आळशी माणसासाठी. काकांनी चष्मा काढला. "आळस आणि कंटाळा वेगळे. आळस पहिल्याच वेळी येतो. कंटाळा यायला तीनदा करावं लागतं. तू कंटाळून ये माझ्याकडे." मी कंटाळून गेलो तेव्हा मध्ये दोन महिने लोटले होते.

नाव ठरवायची त्यांची रीत तर शेजारच्या बंगल्यापर्यंत ऐकू जायची. ते आत जाऊन आमच्या छोट्या स्वयंपाकघरातला मिक्सर रिकामाच चालू करत. लिहिणाऱ्याने हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून मॅक्रोचं नाव एकदा सांगायचं. काकांना आत कळलं तर नाव पक्कं. म्हणायचे, "उद्या प्लांटमध्ये प्रेसशेजारी उभं राहून कुणीतरी तुला फोन करणार आहे. तेव्हा काय स्पेलिंग सांगणार?" अशाने आमच्या सगळ्या मॅक्रोंची नावं छोटी आणि मराठी झाली. मशीनशी जोडणी उघडायची आणि काम झालं किंवा बिघडलं तरी ती न चुकता बंद करायची, या मॅक्रोचं नाव 'दार-लाव'. मालकांनी एकदा हळूच सुचवून पाहिलं की परदेशी गिऱ्हाईक आलं तर काय. काका म्हणाले, "गिऱ्हाईक वाचणार नाही. पुढचा माणूस वाचणार. तो चिंचवडचाच असेल."

मॅक्रो आणि फंक्शन यांतला फरक ते चहावर शिकवायचे, आणि पुढे जे घडलं त्यासाठी हा धडा सांगणं भाग आहे. समोरच्या टपरीवरचा एक कटिंग ते नवीन माणसाच्या हातात देत. "हे फंक्शन. तुझ्या हातात चहा आला. रंग सांग. आता पी. रंग सांगितलास तोच चहा प्यायलास ना?" मग एका चिठ्ठीवर लिहीत, 'एक कटिंग आणणे'. "हा मॅक्रो. त्याच्या हातात चहा येत नाही, चिठ्ठी येते. आता तुला रंगही सांगायचाय आणि प्यायचाही आहे, म्हणून तू काय केलंस, चिठ्ठीची नक्कल केलीस. एक याला दिली, एक त्याला." दोन माणसं दोन चिठ्ठ्या घेऊन खरोखर टपरीवर पाठवली जात. दोन चहा येत. "रंग सांगितलास एकाचा, प्यायलास दुसरा. आणि टपरीवाल्याच्या लेखी दोन गेले." म्हणून चिठ्ठी आली की पहिलं काम, ती एकदाच वठवायची, चहा ओट्यावर ठेवायचा, मग पुढचं. हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. मला तर फारच पाठ होतं, नव्या पोरांना मीच समजावून सांगत असे.

शेवटची पायरी उलगड्याची. मॅक्रो वापरल्यावर आतून जो खरा मजकूर तयार होतो, तो कागदावर छापून आणायचा. काका त्याला उलगडा म्हणत. तो कागद ते ओळीवर बोट ठेवून वाचत आणि पास झाला तर फिल्टरवरच्या भिंतीला चिकटवत. सहा वर्षांत त्या भिंतीवर अकरा कागद लागले होते. बारावा माझा.

माझ्या मॅक्रोचं नाव 'नोंदवून-कर'. एखादी गोष्ट करायची आणि ती केल्याची नोंद रजिस्टरात टाकायची. हे दोन्ही आम्ही जागोजागी वेगवेगळं लिहायचो आणि नोंद टाकायचं कुणी ना कुणी विसरायचंच. तीनदा काय, तीस ठिकाणी हाताने लिहिलेलं मी काकांना दाखवलं. मिक्सर झाला. पाणी झालं. लवंगवाल्या बाईंनीच तो वापरला, एकदाही न अडता, आणि मी गाल फुगवून मनातल्या मनात टाळ्या वाजवत होतो. काकांनी उलगड्यावर बोट फिरवलं आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं, 'छान'. त्या भिंतीवर दुसऱ्या कुठल्याही कागदावर हा शब्द नव्हता. मी त्याचा फोटो काढून घरी पाठवला.

चाकणच्या एका प्लांटमध्ये गिअरबॉक्सची हाउसिंग, म्हणजे बाहेरची कवचं, तयार होतात. प्रत्येक हाउसिंगवर लेझरने एक नंबर उमटतो. नंबर आमचं सॉफ्टवेअर देतं, आणि दिलेला प्रत्येक नंबर आपोआप रजिस्टरात चढतो, म्हणजे एक नंबर म्हणजे एक हाउसिंग. मार्किंग पुसट आलं तर ऑपरेटरने 'रिवर्क' बटण दाबायचं, जुना नंबर रद्द, नवीन नंबर, पुन्हा मार्किंग. या रिवर्कच्या कामात मी माझा नवा मॅक्रो वापरला. 'पुढचा नंबर घे' ही चिठ्ठी सरळ त्याच्या हातात दिली. आणि माझ्या मॅक्रोने तिची नक्कल केली. एकदा नोंदीसाठी नंबर घेतला, एकदा मार्किंगसाठी. हातात हाउसिंग एक, रजिस्टरात नंबर दोन.

काकांना दाखवलेल्या उलगड्यात हे दिसण्यासारखं नव्हतं. तिथे नंबर आधीच घेऊन ठेवलेला होता, त्याची नक्कल झाली तरी बिघडत नव्हतं. मी मुद्दाम तसं केलं नव्हतं. सोपं उदाहरण म्हणून ते निवडलं होतं.

तीन आठवड्यांनी एका सोमवारी प्लांटच्या प्रॉडक्शन मॅनेजरांचा मेल आला. रजिस्टराप्रमाणे एकोणीस हाउसिंग कमी भरतात, सॉफ्टवेअर तपासा. काका त्या दिवशी नातेवाइकाच्या लग्नाला साताऱ्याला गेले होते. मी 'नोंदवून-कर' उघडला आणि पहिल्याच नजरेत मला दोन चहा दिसले. दुरुस्ती दहा मिनिटांची. नंबर आधी एकदाच घ्यायचा, ठेवायचा, मग वापरायचा. दुपारी दीडला ती प्लांटवर चढवली. भिंतीवरचा उलगडा बदलायला हवा होता, तो मी बदलला नाही. मेलला उत्तर लिहिलं, 'सॉफ्टवेअर तपासले, व्यवस्थित चालू आहे.' ज्या मिनिटाला ते लिहिलं त्या मिनिटाला ते खरं होतं.

त्या महिन्यात नव्या टीमचा लीड म्हणून माझं नाव चाललं होतं. एवढंच कारण. यापेक्षा मोठं काही सांगता आलं असतं तर मी सांगितलं असतं.

बुधवारी मॅनेजरांचा दुसरा मेल आला, आभाराचा. त्यात लिहिलं होतं की कमी भरणारी सगळी हाउसिंग एकाच ऑपरेटरच्या पाळीतली आहेत, त्या रिजेक्ट झालेला माल नोंद न करता भंगारात टाकत असाव्यात, सोमवारी तीन वाजता पाळी सुरू होताना त्यांना कडक ताकीद दिली आणि तेव्हापासून प्रकार बंद झाला आहे. ऑपरेटरचं नाव वंदना. कायम करायच्या लोकांच्या यादीतून त्यांचं नाव काढत आहोत, यादी या आठवड्यात हेड ऑफिसला जाईल.

मी तो मेल दोनदा वाचला. दीड वाजता मी दुरुस्ती केली होती आणि तीन वाजता मॅनेजरांनी त्यांना दम दिला होता. माझ्या दुरुस्तीने त्यांच्यावरचा आळ सिद्ध केला होता. तेव्हा उठून काकांच्या टेबलापर्यंत जायला बारा पावलं लागली असती. मला भीती वाटली. लाज नंतर वाटली, आणि तीसुद्धा बऱ्याच उशिराने.

काकांनी तोच मेल मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "दम दिल्याने माणूस सुधारतो एक वेळ. रजिस्टर कसं काय सुधारतं?" गुरुवारी प्लांटला सुट्टी. शुक्रवारी दुपारी ते स्कूटर काढून चाकणला गेले आणि वंदनाताईंच्या मशीनशेजारी स्टूल घेऊन बसले. तिथे काय झालं ते मला पुढे ताईंनीच सांगितलं.

ताई तिथल्याच, चाकणजवळच्या गावच्या. नवरा टेंपोवर, दोन लेकी शाळेत. चार वर्षं कंत्राटावर होत्या. काकांनी विचारलं, "ताई, रिवर्क दाबता का?"

"म्या दाबती. बाकीचे न्हाई दाबत. रिवर्क आपल्या नावावर चढतो ना. पुसट असलं तरी तसंच पुढं ढकलत्यात."

"मग तुम्ही का दाबता?"

"पुसट हाय तर पुसट हाय. दाबायचं बटान हाय ते."

मग त्यांनी ॲप्रनच्या खिशातून मुलीची अर्धी वापरलेली वही काढली. दर वेळी बटण दाबलं की हाउसिंगवर आलेला नंबर त्यांनी लिहून ठेवला होता, कारण आधीचा नंबर आणि हा, यांच्या मधला एक नंबर गळतोय हे त्यांना पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं. सुपरवायझरला सांगितलं तर तो म्हणाला, कम्प्युटर चुकत नाही. एकोणीस वेळा बटण, एकोणीस वेळा एक नंबर मधून गळालेला. काकांनी पानांचे फोटो काढायला फोन काढला, मग तो परत ठेवला आणि सगळे आकडे हाताने उतरवून घेतले.

संध्याकाळी ते ऑफिसात आले. भिंतीवरून माझा कागद काढला. चालू असलेल्या प्रोग्रामचा उलगडा काढून शेजारी ठेवला. दोन्ही वेगळे होते. आमच्याकडे प्रत्येक बदलावर बदलणाऱ्याचं नाव आणि वेळ उमटते, हे त्यांना माहीत होतं आणि त्यांना माहीत आहे हे मलाही माहीत होतं. मी माझ्या जागेवर बसून स्क्रीनकडे बघत होतो. ते जाताना माझ्यापाशी थांबले. "उद्या नऊ वाजता चाकण." चिडले नाहीत. चिडले असते तर मला त्या रात्री झोप लागली असती.

शनिवारी प्लांटच्या मीटिंग रूममध्ये आम्ही चौघं. मॅनेजर, काका, मी, आणि काकांच्या आग्रहाने बोलावलेल्या वंदनाताई. त्यांची पाळी दुपारची, त्या आधीच्या बसने आल्या होत्या आणि खुर्ची असूनही उभ्या होत्या. काका म्हणाले, "ताई बसल्या की सुरू करू." त्या बसल्या.

काकांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या, 'एक चहा आणणे'. एक मॅनेजरांना दिली, एक मला. कँटीनच्या माणसाने दोन्ही वाचल्या आणि दोन चहा आणून ठेवले. काकांनी ताईंच्या वहीतले आकडे पुढे सरकवले. "यांनी बटण एकदा दाबलं. आमच्या प्रोग्रामने चिठ्ठी दोनदा पाठवली. नंबर दोन गेले, हाउसिंग एकच होतं. हरवलेलं काहीच नाही. जे कधी जन्मालाच आलं नाही ते तुम्ही यांच्याकडे मागताय. मॅक्रो मी पास केला. उलगडा मी एकच बघितला, दोन मागायला पाहिजे होते. त्यावर छानही लिहिलं. ती माझी चूक."

मॅनेजर भला माणूस होता. दोन्ही चहा त्याने शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. "पटतंय, सर. पण लाइनवर रिजेक्शन लपवणं ही काही नवीन गोष्ट नाही. आणि एक मला समजत नाही. सोमवारी ताकीद दिली आणि प्रकार बंद झाला. प्रोग्रामचा फॉल्ट होता तर तो बंद कसा झाला?"

याचं उत्तर काकांकडे होतं. त्यांच्या खिशातल्या कागदावर माझं नाव आणि दीडची वेळ होती. त्यांनी कागद काढला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि रोजच्या आवाजात म्हणाले, "गीळ."

मी बोललो. मॅक्रो माझा, चूक माझी, सोमवारी दीड वाजता ती मी गुपचूप दुरुस्त केली, ताकीद तीन वाजता दिली गेली. बुधवारचा मेल मी वाचला होता. चार-पाच वाक्यं झाली असतील.

वंदनाताईंनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुमाला बुधवारी म्हाईत हुतं?"

"हो."

"माझं नाव बी?"

"हो."

मॅनेजरने फोन उचलला, पलीकडे कुणाशी तरी बोलला, ठेवला. यादी काल संध्याकाळीच हेड ऑफिसला गेली होती. आता पुढची सहा महिन्यांनी. तो ताईंची माफी मागायला लागला आणि नीट मागितली त्याने. ताई म्हणाल्या, "तुमचं सोडा, सायब." माझं काय करायचं ते त्या बोलल्या नाहीत.

काका तेवढ्यावर थांबले नाहीत. आम्हाला मशीनवर घेऊन गेले, कूलरवरून एक पेला भरून आणला आणि माझ्या हातात दिला. ताईंना एका वाक्यात रीत सांगितली. "हा बोलणार नाही. तुम्ही वापरून बघा. समाधान झालं की म्हणा, गिळा." ताईंनी एका हाउसिंगवर पाच वेळा रिवर्क दाबलं. दर वेळी वहीत नंबर लिहिला. एकही गळाला नाही. मग वही खिशात ठेवली, ॲप्रनची गाठ सारखी केली आणि त्या चेंजिंग रूमकडे निघून गेल्या. मी तोंडात पाणी घेऊन उभा. पहिल्या पाळीचे लोक माझ्याकडे बघत जेवायला चालले होते. बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "जा, बाहेर जाऊन थुंक. त्यांनी म्हटल्याशिवाय गिळायचं नाही."

लीड मी झालो नाही, ते ठीकच झालं. काका माझ्याशी आधी वागत तसेच वागत राहिले. सोमवारी 'नोंदवून-कर'चे दोन उलगडे भिंतीला लागले, एक सोपा आणि एक चिठ्ठीचा, त्यावर पेन्सिलीने काहीही लिहिलेलं नव्हतं. आणि फिल्टरशेजारी दुसरा पेला आला. तो पास करणाऱ्याचा. त्या दिवसापासून परीक्षेच्या वेळी लिहिणारा आणि काका असे दोघं समोरासमोर गाल फुगवून बसू लागले, आणि 'गीळ' म्हणायचा मान वापरणाऱ्याकडे गेला. काकांच्या तोंडात पाणी टिकत नसे, कवळी होती, ते हनुवटीवरून ओघळायचं. ते रुमालाने पुसत, पण नियम मोडत नसत.

आता ते संत तुकाराम नगरमध्ये घरीच असतात. जाताना जिग घेऊन गेले, पेले ठेवून गेले.

वंदनाताईंचं कायम होणं सहा महिन्यांनी नाही, वर्षाने झालं, कारण पुढची यादीच लांबली. त्या काळात मी प्लांटवर बऱ्याचदा गेलो. त्या कामापुरतं बोलायच्या. मी एकदा माफी मागायला सुरुवात केली तर त्यांनी मशीन चालू केलं. गेल्या महिन्यात मी नवीन आवृत्ती घेऊन गेलो. ताई आता लाइन लीडर आहेत, त्यांच्या सहीशिवाय काही चढत नाही. मी लॅपटॉप उघडून सांगायला लागणार, तोच त्यांनी कूलरवरून पेला भरून आणला आणि माझ्यासमोर धरला. "घ्या. धरा तोंडात."

त्यांनी सगळी बटणं दाबून पाहिली. रिवर्क पाच वेळा. वहीत लिहिलं, आता वही नवीकोरी, त्यांची स्वतःची. मधेच कुणीतरी हाक मारली, त्या दुसऱ्या मशीनवर गेल्या, तिथलं काहीतरी बघितलं, परत आल्या. सहाव्यांदा दाबलं. सही केली. पेनला टोपण लावलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"गिळा आता, सायब."

मी गिळलं. पाणी एव्हाना कोमट झालं होतं.